तारेची चरचर

माणसाला स्वतःला वाद्य वाजवता येवो वा न येवो, दुसऱ्याच्या वाजवण्यातली चूक त्याला पहिल्या झटक्याला ऐकू येते. त्यातून मी पडलो शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. पण गेली वीस-बावीस वर्षे मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्याखाली तांबड्या रेघा ओढायच्या, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दिवसा इतरांच्या चुका काढायच्या आणि रात्री स्वतःच्या करायच्या, असा एकूण दिनक्रम. अशा माणसाच्या घरात गिटार यावी आणि तिची तार चरचरावी, हा योग पत्रिकेतच असावा लागतो.

आमचे फुलचूर म्हणजे गोंदिया शहराच्या अंगाला लागलेले गाव. एका बाजूने शहर सरकत सरकत अंगणापर्यंत आलेले, दुसऱ्या बाजूला अजून धानाच्या बांध्या. इथे कानावर पडणारे संगीत म्हणजे भजनातली खंजिरी आणि पेटी, लग्नातला बँड, आणि दिवाळी सरल्यावर गावोगावच्या मंडईत रात्र रात्र चालणारी दंडार नाही तर झाडीपट्टीचे नाटक. गिटार आम्ही पाहिलेली ती सिनेमातल्या नायकाच्या गळ्यात. ती आपल्या घरातल्या खुंटीवर येईल असे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

ती आली ती अशी. रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ आमच्या शेजारी भाड्याने राहत. मूळचे गोव्याकडचे. संध्याकाळी पायरीवर बसून ते गिटार वाजवीत आणि आमची थोरली कुंपणाशी उभी राहून ऐके. त्यांची बदली झाली तेव्हा सामान हलके करताना त्यांनी ते वाद्य तिच्या हाती दिले. पैसे घ्यायला तयार नव्हते. मी बळेच काही रक्कम खिशात कोंबली. जाताना ते एवढेच म्हणाले, "बाय, हिला जप. ही खऱ्या लाकडाची आहे."

त्या वाक्याचा अर्थ मला कळायला दीड वर्ष लागायचे होते.

ही सिनेमातली गिटार नव्हे. हिला शास्त्रीय गिटार म्हणतात, आणि हे शास्त्र स्पेनचे. हिची मान रुंद असते. सहा तारांपैकी पातळ तीन नुसत्या नायलॉनच्या, जाड तीन नायलॉनच्या धाग्यांवर धातूची बारीक तार गुंडाळलेल्या. पूर्वी आतड्याची तात असे. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली आणि त्यानंतर नायलॉन आले. डाव्या पायाखाली छोटा पाट घेऊन, गिटार त्या मांडीवर टेकून, नखांनी आणि बोटांच्या टोकांनी वाजवायची. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारवाले ज्यांना पडदे म्हणतात त्याच या. त्यांच्यामागे बोटाने तार दाबली की सूर बदलतो. मुलगी गोंदियाला एका बाईंकडे शिकायला जाऊ लागली आणि घरी येऊन मागच्या खोलीत रियाज करू लागली.

आता घराचा नकाशा सांगतो, कारण पुढच्या खटल्यात त्याला महत्त्व आहे. आमच्या घरात कूलर एकच. तो पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या लिहिण्याच्या टेबलाजवळ. कादंबरीकाराचे डोके थंड राहिले पाहिजे, असा एक ठराव आमच्या घरात मीच मांडून मीच मंजूर केलेला होता. मागची खोली टिनांची. मे महिन्यात तिथे दुपारी भिंतीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागतो. विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना नवतप्याचे वर्णन नको. ज्यांनी काढला नाही त्यांना ते खरे वाटणार नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात अडकलो होतो. नायिका घर सोडते की राहते हे ठरत नव्हते. आणि मागच्या खोलीतून सारखा तो आवाज येत होता. सूर निघे, पण त्याच्या शेपटीला एक चरचर चिकटलेली असे. जणू तव्यावर पाण्याचा थेंब पडावा. मुलगी थांबे, पुन्हा तोच सूर छेडी, पुन्हा चरचर. पाच वेळा, दहा वेळा, वीस वेळा. शेवटी मी उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. ती घामाने भिजून बसली होती.

"बाबा, ही तार सारखी चरचरते," ती म्हणाली.

"तार नाही चरचरत," मी म्हणालो, "तुझं बोट चरचरतं. गोव्याचे काका वाजवीत तेव्हा कधी ऐकली होती का चरचर? वाद्य तेच आहे. तुझ्या हाताला हे जमायचं नाही. उगाच वेळ घालवू नकोस."

वाक्ये व्याकरणशुद्ध होती. तर्कही बिनचूक वाटत होता. मी परत जाऊन कूलरसमोर बसलो. मागच्या खोलीतला आवाज थांबला होता. त्या दुपारी माझे प्रकरण पुरे झाले. मुलीने गिटार कापडी पिशवीत घालून खुंटीला अडकवली, आणि जूनअखेर ती पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला वसतिगृहात गेली. जाताना तिने गिटार नेली नाही. मीही तिला विचारले नाही.

घरातले माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू मोठ्या दिसू लागतात. श्रावणातल्या एका संततधारेच्या संध्याकाळी वीज गेलेली, लिहिता येत नव्हते, म्हणून मी ती पिशवी खाली काढली. गिटार मांडीवर घेतली आणि तिने दाबलेली तार आठवून तिथेच बोट ठेवले. सूर निघाला. स्वच्छ, गोल, सुपारीसारखा. चरचरीचे नाव नाही!

त्या वेळी मला झालेला आनंद फारसा सज्जनाचा नव्हता. वीज येताच मी नागपूरला फोन लावला. "बघ, तुझी गिटार माझ्या हातात मुळीच चरचरत नाही. मी म्हणत नव्हतो?" पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "वाजवा मग तुम्हीच, बाबा." तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आणि मी खरोखरच वाजवू लागलो. चाळिशी उलटल्यावर माणसाला एखादे वेड लागले तर घरचे लोक ते सहसा माफ करतात. पर्याय याहून वाईट असू शकतात, हे त्यांना ठाऊक असते. मुलीची वही टेबलाच्या खणात सापडली. तीत तिच्या बाईंनी सांगितलेले धडे होते आणि समासात तिने स्वतः पेन्सिलीने केलेल्या टिपा. 'बोट पडद्याला अगदी खेटून, मागच्या बाजूने. दोन पडद्यांच्या मध्ये नको.' 'उजव्या हाताने तार वर उचलून सोडू नये, आडवी सोडावी. उचलली तर खाली आपटते.' 'नुसता जोर लावून उपयोग नाही.' आणि एका पानावर मे महिन्याची तारीख घालून लिहिले होते : 'बोट बरोबर आहे. तरी चरचर. का?'

त्या 'का' पाशी मी थबकायला हवे होते. मी पान उलटले.

हिवाळाभर माझे बरे चालले. शिमग्याच्या सुमारास पळस फुलला आणि एके दिवशी जाड तारांपैकी एक किंचित कुरकुरली. मी बोट सरकवले. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा कुरकुरली. मी नवीन तारा आणवल्या, कारण जुन्या तारा झिजून खडबडीत होतात असे ऐकले होते. नव्या तारा चार दिवस गोड बोलल्या आणि त्याही चरचरू लागल्या. एप्रिल उजाडेपर्यंत सहांपैकी तीन तारांना तो रोग जडला.

आता मी मास्तरकी बाजूला ठेवून विद्यार्थी झालो. चरचरीला कारणे किती असावीत! तार मोकळी छेडताना चरचरत असेल तर मानेच्या टोकाशी असलेल्या पट्टीतल्या खाचा खोल झालेल्या असतात. वरच्या पहिल्या तीन-चार पडद्यांवरच चरचरत असेल तर मान वाजवीपेक्षा सरळ झालेली असते. तारेला हेलकावा घ्यायला जागा हवी म्हणून मानेला केसभर खोलगट बाक असावा लागतो. एकाच जागी चरचरत असेल तर पुढचा एखादा पडदा वर उचललेला असतो. आणि सगळीकडेच चरचर असेल तर तारा मुळातच खाली आलेल्या असतात. वाद्यात दोष नसतानाही चरचर येऊ शकते. एकदा दोन दिवस मी एका सुराचा पाठलाग करीत होतो, शेवटी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून येऊन सांगितले, "अहो, तुम्ही तो सूर वाजवता तेव्हा माझी मांडणीवरची स्टीलची ताटं थरथरतात." तेवढी चरचर ताटांमध्ये जुना टॉवेल घातल्यावर बंद झाली. बाकीची राहिली.

मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी तारांची उंची मोजली. अशा गिटारीची तार वरच्या पट्टीपासून घोडीवरच्या हाडापर्यंत साधारण 650 मिलिमीटर लांब असते आणि तिच्या बरोबर मध्यावर बारावा पडदा येतो. तिथे पातळ तारेखाली सुमारे तीन आणि जाड तारेखाली चार मिलिमीटर मोकळी जागा असावी, असा दंडक आहे. माझ्या गिटारीच्या जाड तारेखाली तीनही भरत नव्हती. तारा खाली उतरल्या होत्या. पण त्यांना उतरवले कोणी? घरात कोणी हात लावला नव्हता.

मे महिन्यात मिरजेला एका भाचीचे लग्न निघाले. आमच्या गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अवघा महाराष्ट्र आडवा कापून मिरजेवरून थेट कोल्हापूरला जाते. सकाळी धानाच्या मुलखात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी उसाच्या मुलखात उतरतो. मी अंथरुणाच्या वळकटीबरोबर गिटारही घेतली. मंडळींनी कपाळाला हात लावला. पण मिरज म्हणजे तंबोऱ्याचे आणि सतारीचे माहेर. ज्या गावात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, त्या गावात एका मास्तरच्या तारेला औषध मिळणार नाही असे कसे होईल?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. या घराण्यांचा इतिहास मोठा मनोरम आहे. मूळचे हे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात राज्ये गेली, शस्त्रांची मागणी आटली, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी त्याच हातांनी तंबोरे घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कान, एवढ्या भांडवलावर मिरजेचा तंबोरा देशभर गेला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका दुकानात एक वृद्ध कारागीर मांडी घालून बसले होते. समोर आडवा तंबोरा, हातात बारीक कानस. माझ्या खांद्यावरची गिटार पाहून ते हसले. मी तक्रार सांगितली : तार पडद्याला घासते आणि चरचरते, ही चरचर घालवून द्या.

"मास्तर," ते म्हणाले, "सकाळपासून मी इथं काय करतोय ठाऊक आहे? तार घासावी म्हणून बसलोय. आमच्याकडं लोक ती आणायला येतात, तुम्ही घालवायला आलात!"

मग त्यांनी मला जवारी दाखवली. आम्ही धानाच्या मुलखातले. जवारी म्हटली की आम्हांला भाकरी आठवते. तंबोऱ्याची जवारी निराळी. गिटारीत तार हाडाच्या धारदार कडेवर टेकते आणि तिथून सुटते. तंबोऱ्याची घोडी मात्र पाटासारखी रुंद, आणि तिच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारा उतार. तार त्या उतारावरून कंप पावताना हलकेच टेकते-सुटते, टेकते-सुटते. हा उतार कानशीने घासून बरोबर साधायचा. त्यानंतर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा सरकवायचा. त्यांनी तार छेडली. आवाज मुका होता. सूत केसभर पुढे सरकवले, अजून मुका. आणखी केसभर सरकवले, आणि एकाएकी त्या एका तारेतून जणू दहा तारा बोलू लागल्या. सगळी खोली झणझणून भरून गेली. माझ्या अंगावर काटा आला.

ती चरचरच होती हो! जिच्यासाठी मी एका पोरीला गप्प बसवले तीच. जागेवर पडली म्हणून तिला जवारी म्हणतात, भलत्या ठिकाणी पडली म्हणून आपण तिला दोष म्हणतो.

या करामतीने शास्त्रज्ञांनाही चकवले होते. ज्या बिंदूला तार छेडावी त्या बिंदूशी जे उपस्वर निश्चल असतात ते तारेतून निघू शकत नाहीत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोरा तो पाळीत नाही. जे निघू नयेत ते उपस्वरही त्यातून खणखणीत निघतात, हे सर चंद्रशेखर रामन यांनी 1921 साली दाखवून दिले. हे रामन तरुणपणी सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत काही काळ आमच्या नागपूरला होते, याचा आम्हां वैदर्भीयांना उगीचच अभिमान. आणि हा शौक एकट्या हिंदुस्थानचा नाही. जपानी लोकांच्या शामिसेन नावाच्या तीन तारांच्या वाद्यात अशीच मुद्दाम आणलेली झणझण असते. तिला ते 'सावारी' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे स्पर्श. युरोपातल्या जुन्या हार्पला तार चरचरावी म्हणून खास खुंट्या बसवीत. दूर कशाला, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीतल्या चकत्या काढून घेतल्या, तर मागे राहते ते नुसते कातडे!

माझे डोळे हे सारे ऐकून विस्फारले होते. परंतु गिटारीचे काय? कारागिरांनी ती उचलली, उजेडाकडे धरून मानेवरून नजर टाकली, मग पुढच्या फळीवर तळहात फिरवला. मानेच्या कडेने बोट ओढले आणि ते माझ्यापुढे केले. पडद्यांची टोके मानेच्या कडेबाहेर आली होती. बोटाला ओरखडा उठला होता.

"हे आमचं वाद्य नव्हे," ते म्हणाले, "पण लाकूड ते लाकूड. धातू आटत नाही, लाकूड आटतं. मान आकसली म्हणून पट्ट्या बाहेर आल्या. ही फळी बघा, मध्ये बसली आहे. फळी बसली की घोडी बसते, घोडी बसली की तारा उतरतात. मग त्या पडद्यांना घासणारच. ही आधी कुठं होती?"

"गोव्याकडच्या माणसाजवळ."

"म्हणजे समुद्राच्या हवेवर. आणि आता?"

"गोंदियाला. मागच्या खोलीत. टिनाच्या."

"उन्हाळ्यात तुम्ही कुठं बसता, मास्तर?"

मी उत्तर दिले नाही. ते उत्तर मला त्या क्षणी दिसले होते. ताट्यांमधून पाणी झिरपते आहे, ओल्या वाळ्याचा वास सुटला आहे, आणि एक माणूस त्या गारव्यात बसून नायिकेच्या दुःखाविषयी लिहितो आहे. भिंतीपलीकडे टिनाखाली त्याची मुलगी घामाने भिजून एका चरचरणाऱ्या तारेला विचारते आहे : का? आणि तो माणूस दारात येऊन सांगतो आहे की तुझ्या हाताला हे जमायचे नाही.

माझा तर्क बिनचूक होता; वाद्य तेच होते. चूक एवढीच की मी हवा जमेला धरली नव्हती. गोवेकर गृहस्थ इथे राहिले ते आषाढापासून माघापर्यंत. मी वाजवली ती श्रावणात. वैशाख काय तो माझ्या मुलीच्या वाट्याला आला होता.

"औषध सोपं आहे," कारागीर म्हणाले. "लाकडाला तहान लागली आहे. पाणी पाजा, पण बेतानं. वरून शिंपडू नका. तहान भागली की बघा. नाहीच उठली तर घोडीवरच्या हाडाखाली पातळ चकती घालता येईल. आधी हवा सुधारा, मग हत्यार लावा." पैसे विचारले तर म्हणाले, "मी काय केलं? नुसतं बघितलं."

घरी आल्यावर मी जुन्या साबणाच्या डबीला भोके पाडली, तीत स्पंजाचा ओला पण न गळणारा तुकडा ठेवला आणि ती डबी गिटारीच्या पेटीत, मानेजवळच्या कोपऱ्यात ठेवून दिली. एक जाड पेटी मिरजेहूनच घेतली होती. दर दोन दिवसांनी स्पंज भिजवायचा. पेटी पुढच्या खोलीत आणली. कूलरच्या समोर नव्हे, पण त्याच्या छायेत. अशा लाकडाला शेकडा पन्नासच्या आसपास आर्द्रता मानवते, असे जाणकार सांगतात. तीन आठवड्यांनी बाराव्या पडद्यावर पट्टी लावली : जाड तारेखाली चार मिलिमीटर. पाऊस अजून यायचा होता. तार छेडली. सूर स्वच्छ होता. मला मात्र तो ऐकवत नव्हता.

शाळा सुरू झाली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात; मुलांना हवा मानवावी एवढी समज सरकारलाही आहे. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा मोठ्याने वाचताना अडखळला. माझी जीभ सवयीने पुढे झाली, आणि मी ती आवरली. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून विचारले तेव्हा कळले की रोवणीचे दिवस आहेत, आईबाप पहाटेच बांधीवर जातात, आणि हा धाकट्या बहिणीला सांभाळून, उपाशीच शाळेत येतो. बोट बरोबर होते. तरी चरचर. अशा किती वह्यांवर मी हवा न विचारता तांबडी रेघ ओढली असेल, याचा हिशेब मांडायला बसलो आणि तो अर्ध्यावर सोडून दिला. तो भागणारा नव्हता.

मुलीला हे सारे फोनवर सांगणे मला जमले नाही. कादंबरीत मी माणसांना पानेच्या पाने क्षमा मागायला लावतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा जेवलीस का, पाऊस आहे का, यापलीकडे गाडी जाईना. शेवटी गणपतीत ती चार दिवसांसाठी घरी आली. आरती झाली, मोदक झाले. धाकटा झोपला. मी पुढच्या खोलीतली पेटी उघडली आणि तिला सगळे सांगितले : मिरज, तहानलेले लाकूड, साबणाची डबी, टिनाची खोली, कूलर. "तुझं बोट बरोबर होतं," मी म्हणालो. "तू वहीत लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं. पण मी पान उलटलं."

ती काही बोलली नाही. तिने पडद्यांच्या टोकांवरून बोट फिरवले, साबणाची डबी उघडून पाहिली आणि पुन्हा नीट बंद केली. मग डाव्या पायाखाली पाट ओढून बसली. खुंट्या पिळून सहाही तारा लावायला तिला बराच वेळ लागला. सव्वा वर्षाने हात फिरत होता. बोटांच्या टोकांवरचे घट्टे केव्हाच गेले होते. तिने जुनाच धडा सुरू केला आणि तिसऱ्या की चौथ्या सुराला तार चरचरली.

मी श्वास रोखला. काय बोलावे ते सुचेना, आणि सुचले नाही हेच बरे झाले. तिने स्वतःच मान वाकवून बोटाकडे पाहिले, ते पडद्याच्या अंगाला जरासे सरकवले आणि तोच सूर पुन्हा छेडला. तो मोकळा निघाला.

"ही माझी होती, बाबा," ती म्हणाली, आणि पुढे वाजवू लागली.

परत जाताना तिने गिटार नागपूरला नेली. साबणाची डबीही नेली. दिवाळीला दोघी येणार आहेत. मागच्या खोलीच्या टिनांखाली आता छत घातले आहे आणि पुढच्या वैशाखात कूलर कोणत्या खोलीत ठेवायचा, हा ठराव घरात नव्याने मांडला गेला आहे. या वेळी तो मी मांडलेला नाही. मी फक्त अनुमोदन दिले आहे.